धरणारा कुठे आहे?

वर्गात खिळा ठोकायचा असला की आमचे मराठीचे सर बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. नुसते उभे नाही, भिंतीकडे तोंड करून. कॅलेंडर टांगायचं असो की नकाशाची खुंटी निखळलेली असो, शिपाई हातोडी घेऊन दारात आला की सरांनी खडू ठेवलाच. आत ठकठक सुरू झाली की प्रत्येक ठोक्याला त्यांचे खांदे थोडे वर जायचे. आम्ही खिडकीतून ते बघायचो आणि तोंडावर हात ठेवून हसायचो. सर आत आले की मात्र हसू जागच्या जागी जिरायचं. खिळ्याला घाबरणाऱ्या त्या माणसाची आम्हाला भयंकर भीती वाटायची.

हा धाक माराचा नव्हता. मारणारे शिक्षक आमच्या शाळेत वेगळे होते. गणिताचे सर छडी घेऊनच वर्गात शिरायचे, हिंदीच्या मॅडम कान पिळायच्या, आणि त्या दोघांची आम्हाला सवय झाली होती. मराठीच्या सरांनी कोणावर कधी हात उगारला नाही. त्यांच्या टेबलावर डस्टरसुद्धा नसायचं. फळा ते ओल्या फडक्यानं पुसायचे. ते फक्त एक प्रश्न विचारायचे आणि आपल्या बाकाशेजारी येऊन उभे राहायचे. उत्तर येईपर्यंत तिथेच. "मला घाई नाही," हे त्यांचं पालुपद. मराठीचा तास शेवटचा असायचा. बाकीची शाळा सुटून, सायकली घेऊन गलका करत निघून गेलेली खिडकीतून दिसायची, आणि आपण पुस्तकावर नजर खिळवून बसलेलो. सरांच्या कडक इस्त्रीच्या शर्टाचा वास येत असायचा. मला आजही कुठे तसा वास आला की मी ताठ बसते.

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये सगळं कारखान्याचं होतं. क्वार्टर कारखान्याचं, शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, आणि नळाला पाणी यायची वेळही कारखान्यानंच ठरवलेली. मराठी घरं बरीच होती, बहुतेक नागपूर-अमरावतीकडची. आम्ही मुलं घरात मराठी बोलायचो, मैदानात हिंदी, आणि भांडताना दोन्ही. शाळा हिंदीच, पण संस्कृतऐवजी मराठी घ्यायची सोय होती. ज्यांच्या आईबापांना मुलांचं मराठी सुटेल अशी धास्ती होती त्यांची मुलं या सरांच्या हवाली केलेली असत. प्रयोगशाळेच्या अडगळीशेजारची खोली आम्हाला दिलेली होती. वर्गात कोणी "सर, मेरा मतलब, म्हणजे माझं म्हणणं असं की" अशी गाडी सुरू केली तरी सर काही म्हणायचे नाहीत. त्यांचा राग होता तो गाइडवर. गाइडमधलं वाक्य वहीत दिसलं की ते वही बंद करून परत द्यायचे, न बोलता, आणि दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न आपल्यालाच.

सर टाउनशिपबाहेर इंद्रपुरीत एका खोलीत भाड्यानं एकटे राहायचे. गावाकडचं कोणी त्यांच्याकडे आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. चप्पल कधी नाही, बारा महिने लेसचे बूट. खुर्ची कायम दाराकडे तोंड करून. चालताना हात मागे बांधलेले. मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा मंडळींनी त्यांना मोठ्या मानानं नारळ फोडायला बोलावलं. सरांनी नारळ हातात घेतला, दगडाकडे पाहिलं, मग नारळ पाटावर ठेवला आणि प्रसाद न घेता सरळ घरी निघून गेले. दोन दिवस त्याच गप्पा. कोणी म्हणालं नास्तिक आहेत, कोणी म्हणालं छातीत दुखतं. आई म्हणाली, एकटा माणूस आहे, एकट्या माणसाचं असं होतं. मग त्यांना डबा पाठवावा असं ठरलं आणि तेवढ्यावर विषय मिटला.

आता माझ्या घराचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे बाबा कारखान्यात फोर्ज शॉपला होते. तिथे लालभडक तापलेलं लोखंड मोठ्या हॅमरखाली ठोकून त्याला आकार देतात. ते काम एकट्याचं नाही. एकजण लांब सांडशीनं लोखंड धरतो, फिरवतो. दुसरा बाजूला उभा राहून दांडा दाबतो आणि हॅमर खाली येतो. बाबा धरणारे होते. हॅमर चालवायचे मोहोडकाका, आमच्या वरच्याच क्वार्टरमध्ये राहणारे, माझ्या मैत्रिणीचे, वंदनाचे वडील. फोर्जमध्ये आवाज इतका की कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून सगळा कारभार खुणेवर. लोखंड नीट बसलं की बाबा मान खाली करायचे. मान खाली म्हणजे मार. एवढीच खूण. बाबांची नजर लोखंडावर आणि काकांची नजर बाबांच्या मानेवर. अशी त्यांची जोडी कित्येक वर्षं होती, आणि बाबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ठिणग्यांच्या बारीक डागांनी भरलेले असले तरी शाबूत होते.

जोडीचे म्हणून काही नेम असतात, ते आम्हा मुलांनाही पाठ होते. जोडीनं भांडून कामावर जायचं नाही. भांडण झालंच तर गेटाबाहेरच्या टपरीवर एका कपातला चहा बशीत अर्धा अर्धा पिऊन मगच आत जायचं. जोडीच्या बायकांनीही एकमेकींशी अबोला धरायचा नाही, मग नळावरून कितीही कुरबुर होऊ दे. आणि कामाच्या भीतीबद्दल घरात बोलायचं नाही. हा शेवटचा नेम कोणी तोंडानं सांगितलेला नव्हता. पण सकाळी बाबा पायताण चढवत असले की आई त्यांच्याकडे बघायची नाही, कणकेकडे बघायची. त्यावरून मला तो कळला होता.

आणि भोंगा. पाळीचा भोंगा वाजला तर त्याकडे कोणाचं लक्षही जायचं नाही, त्यावर भाकरी टाकली जायची, त्यावर मुलं उठायची. पण अवेळी भोंगा झाला की सगळ्या लायनीतल्या बायका हातातलं काम टाकून गेटाकडे निघायच्या. भोपाळात गॅसच्या त्या रात्रीनंतर वाढलेल्या मुलांना भोंग्याला घाबरायला वेगळं शिकवावं लागत नव्हतं. मी तर झोपेतही भोंग्याची वेळ ओळखायची. वेळेचा आहे हे कळलं की पुन्हा झोप लागायची.

तर त्या वर्षी आम्हाला एक कविता होती. विहीर खणणाऱ्या मजुरांची. सुरुंगाची दारू भरण्यासाठी कातळात भोक पाडतात, त्या कामाची. कवी कोण ते आता आठवत नाही, कडवं मात्र विसरता येत नाही:

काळा कातळ, तापलं रण,
उभी पहार, उचल घण.
घामाचा थेंब, ठिणगीचा सण,
पुन्हा उचल, पुन्हा घण.

प्रत्येक कडवं "पुन्हा उचल, पुन्हा घण" वर संपायचं. फक्त शेवटच्या कडव्यात "पुन्हा उचल, पुन्हा" एवढंच होतं. घण नव्हता. गाइडात लिहिलं होतं की श्रम अखंड चालतात हे सुचवण्यासाठी कवीने ओळ अपूर्ण सोडली आहे, आणि एकूण कवितेत श्रमाची प्रतिष्ठा सांगितली आहे.

सरांची पद्धत अशी की फळ्यावर उभ्या रेघा मारून रकाने करायचे. पहिल्यावर विषय, दुसऱ्यावर भाषा, तिसऱ्यावर बांधणी. परीक्षेला एवढंच लागायचं. सर मात्र चौथा रकाना आखायचे आणि त्याला नाव द्यायचे नाहीत. तो बहुतेक वेळा रिकामाच राहायचा. आम्ही कोणी त्याबद्दल विचारलं नाही, विचारण्याची छाती नव्हती.

त्या दिवशी विषयाच्या रकान्यात कोणीतरी "श्रमाची प्रतिष्ठा" सुचवलं. सरांनी लिहिलं नाही. भाषेकडे वळले. म्हणाले, ठिणगीचा सण म्हणे. सण कोणाचा? लांब उभं राहून बघणाऱ्याचा. ज्याच्या अंगावर ठिणगी उडते त्याला सण वाटतो का, ते विचारायला हवं. मग दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून वंदनाच्या बाकाशी येऊन उभे राहिले.

"उभी पहार. लोखंडाची पहार कातळावर आपली आपण उभी राहते?"

वंदना हुशार होती आणि तिला घाई होती. ती लगेच म्हणाली, "नाही सर. कोणीतरी धरलीय."

"कोणी?"

"ते कवितेत नाहीये सर."

सर मग फळ्याकडे गेले आणि त्या बिननावाच्या रकान्यात लिहिलं, धरणारा कुठे आहे? त्यांचं अक्षर एरवी मोत्यासारखं, ही ओळ वाकडी गेली. त्यानंतर ते जे बोलले ते मला आजही सरांच्याच आवाजात ऐकू येतं. ते म्हणाले की या कवितेत दोन माणसं आहेत. घण मारणारा दिसतो. दुसरा खाली वाकलेला आहे, पहार धरून, प्रत्येक घावानंतर ती थोडी फिरवतोय, आणि घण त्याच्या मनगटापासून वीतभर अंतरावर पडतोय. "उचल घण" हे म्हणतंय कोण? कवी तिथे उन्हात उभा नव्हता. हे धरणारा म्हणतोय. सगळी कविता धरणाराच म्हणतोय. आता शेवटची ओळ बघा. तो म्हणतो, पुन्हा उचल, पुन्हा. आणि गप्प होतो.

"का गप्प झाला?" सरांनी विचारलं.

सगळ्यांनी पुस्तकात माना घातल्या.  गाइडातलं अखंड श्रम कुठल्या कुठे गेलं. मला एकदम बाबांचे हात दिसले, सांडशी धरलेले. मी ती कविता आदल्या आठवड्यात तालावर घोकून पाठ केली होती आणि त्यात काही भिण्यासारखं आहे हे मला कळलंही नव्हतं. माझा चेहरा बघूनच असेल, सर माझ्याकडे आले. मी न विचारताच सांगून टाकलं की माझे बाबाही धरतात, आणि वंदनाचे बाबा मारतात.

मग सरांनी आम्हा दोघींना सोडलं नाही. खूण कशी करतात, कोण कोणाकडे बघतं, मान किती खाली करतात, चुकून मान हलली तर काय. इतके अधीर झालेले सर आम्ही कधी पाहिले नव्हते. एखाद्या लहान मुलानं गोष्टीत पुढे काय म्हणून विचारावं तसे ते विचारत होते. शेवटी म्हणाले, उद्या तुम्ही दोघींनी घरी एक प्रश्न विचारून यायचं. जास्त भीती कोणाला वाटते, मारणाऱ्याला की धरणाऱ्याला? त्यांनी तो प्रश्न आमच्याकडून म्हणून घेतला. मग फळा न पुसता निघून गेले. त्यांनी फळा पुसला नाही असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

सरांचा प्रश्न घेऊन गेलो नाही तर उद्या बाकाशेजारी कोण उभं राहणार हे ठाऊक होतं. बाबा जेवायला बसले तेव्हा मी विचारलं. बाबा आधी हसले. मग त्यांनी विचारलं, हे कोणी विचारायला सांगितलं? सरांनी म्हटल्यावर ते पुन्हा हसले नाहीत. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि आपल्या तळव्यांकडे पाहिलं, पाठपोट. नंतर उठून हात धुतले. भात तसाच राहिला. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून उठलेच. वरच्या क्वार्टरमधून काकांचा आवाज आला नाही, वंदनाचाही नाही, आणि एरवी त्या वेळी वर रेडिओ लागलेला असायचा.

सकाळी काकांनी जिन्यात रोजची शीळ घातली. बाबा बाहेर गेले. मी खिडकीतून बघत होते. दोघं फाटकापर्यंत बरोबर चालत गेले, पण रोज "काय बे मोहोड्या" म्हणून जी थट्टा सुरू व्हायची ती झाली नाही. भांडण नव्हतं, त्यामुळे टपरीवर बशीतला चहा पिण्याचंही काही कारण नव्हतं. हे मला पुढे बाबांनीच सांगितलं. नेम भांडणासाठी होता. प्रश्नासाठी कोणी नेम केलेला नव्हता.

मराठीचा तास आला. फळ्यावर कालचीच वाकडी ओळ होती. सरांनी आधी वंदनाला विचारलं. ती उभी राहून म्हणाली, "बाबा म्हणाले, मारणाऱ्याला. धरणाऱ्याजवळ आपले हात असतात. मारणाऱ्याजवळ दुसऱ्याचे असतात."

सरांनी खिडकीचा गज धरला. म्हणाले, "बरोबर सांगितलं." मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की बाबा काहीच बोलले नाहीत, जेवणावरून उठले.

"उठले?" सर म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही हे दिसलं. ते पुढे काही विचारणार तेवढ्यात भोंगा झाला.

पाळी सुटायला अजून अवकाश होता. आम्हा सगळ्यांनाच ते एकदम कळलं. कोणी रडलं नाही, कोणी उठलं नाही, सगळ्यांनी फक्त एकमेकांकडे पाहिलं, कारण त्या वर्गात ज्याचे वडील कारखान्यात नव्हते असं कोणीच नव्हतं. सर पांढरेफटक पडले होते. त्यांनी आम्हा दोघींना विचारलं, वडील आज कोणत्या पाळीला? पहिल्या, आम्ही म्हणालो. सरांनी बाकीच्यांना बसून राहायला सांगितलं आणि आम्हा दोघींना घेऊन निघाले. रस्त्यावर ते जवळजवळ धावत होते. हात मागे बांधायचंही त्यांना सुचलं नव्हतं. मी वंदनाचा हात धरला होता आणि मनात एकच चाललं होतं: बाबांचे हात, बाबांचे हात. वंदनाच्या मनात काय होतं ते मी तेव्हा विचारलं नाही. तिचे बाबा मारणारे, म्हणजे तिचं काही वाकडं होणार नाही, असंच मी धरून चालले होते. तिच्या बाबांच्या हातून माझ्या घरात काहीतरी होणार होतं. मी तिचा हात सोडला नाही, पण त्या क्षणी मला तिची भीती वाटली.

गेटावर बायका जमलेल्या होत्या. अशा वेळी गेटावर कोणी नाव विचारत नाही. आई आणि मोहोडकाकू शेजारी शेजारी उभ्या होत्या, आईच्या बोटांना कणीक तशीच. दवाखान्याची गाडी दुसऱ्या फाटकानं गेली होती म्हणे. आतून आलेला एकजण नुसतं "फोर्ज" एवढंच बोलून पुढे गेला. काकूंनी आईचा दंड पकडला. तेव्हा आईला सर दिसले.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही पोरींना काहून असं विचारायला लावलं?"

ती ओरडली नाही. सरांना तिच्याकडे बघता आलं नाही, ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. माझे सगळे शिक्षक मी मनातल्या मनात कधी ना कधी मारून टाकले होते, पण मराठीच्या सरांची कीव येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही.

मग आतल्या बाजूनं बाबा आले. चालत, आपल्या पायांनी. दोन्ही हात अंगाला होते. माझ्या तोंडून हुंदका फुटला, आणि फुटताफुटताच माझ्या लक्षात आलं की बाबा एकटे आहेत. जोडी कधी गेटातून एकेकटी बाहेर येत नाही. वंदना बाबांच्या मागे बघत होती. मागे कोणी नव्हतं.

सर पुढे झाले आणि त्यांनी बाबांचे हात धरले. पालथे केले, उताणे केले, एकेक बोट दाबून पाहिलं. बाबांनी ते सोडवून घेतले आणि ते काकूंसमोर जाऊन उभे राहिले.

"वहिनी, पायावर गेलं," ते म्हणाले. "जीव आहे."

झालं काय ते बाबांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. काकू आणि वंदना आत होत्या, आई त्यांच्यासोबत. बाहेर बाकावर बाबा, सर आणि मी. बाबांच्या अंगाला जळक्या तेलाचा वास येत होता. सकाळपासून त्यांच्या डोक्यातून तो प्रश्न जात नव्हता. इतक्या वर्षांत त्यांनी काम करताना मोहोडचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं कामच नाही. नजर लोखंडावर. पण आज त्यांना वाटलं, बघावं तरी, हा रोज कसा दिसतो, मारताना. लोखंड फिरवता फिरवता त्यांनी मान वर केली. काका त्यांच्याकडेच बघत होते. बाबांनी चटकन मान खाली घातली.

मान खाली म्हणजे मार. लोखंड अजून कडेवर उभं होतं, नीट बसलेलं नव्हतं. हॅमर आला, लालभडक तुकडा सांडशीतून सुटला आणि काकांच्या नडगीवर जाऊन बसला. हाड मोडलं आणि मांस भाजलं.

"मी वर पाहिलं, सर," बाबा म्हणाले. "धरणाऱ्यानं वर पाहायचं नसतं. त्याची काही चूक नाही. त्यानं खूण पाहिली, त्यानं मारलं."

सर दवाखान्याच्या पिवळ्या भिंतीकडे बघत बसले होते, खिळा ठोकताना बघायचे तसे. मग म्हणाले, "माझा मोठा भाऊ धरायचा. मी मारायचो. आमच्याकडे विहिरीवर. त्यानंही वर पाहिलं होतं."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाबा साधा माणूस, पण या बाबतीत त्यांना जे विचारायचं ते बरोबर सुचलं. "काहून पाहिलं त्यानं? पाहत नाही कोणी."

"मी विचारलं होतं," सर म्हणाले. "घण वर असताना. सहज. भीती वाटते का रे तुला, म्हणून."

पुढे त्यांनी काही सांगितलं नाही आणि बाबांनीही भावाचं काय झालं ते विचारलं नाही. मला वाटतं, विचारायची गरज पडली नाही. मी त्या बाकाच्या टोकाला बसून ऐकत होते. आयुष्यभर एक माणूस प्रश्नाचं उत्तर शोधत वर्गावर्गातून हिंडला, कवितांमध्ये शोधलं, फळ्यावर रकाना मोकळा ठेवला, आणि ज्या प्रश्नानं एकदा घात केला तोच प्रश्न आम्हा दोघींच्या हाती देऊन त्यानं आमच्या घरात पाठवला. त्यांना ते त्या बाकावर बसल्यावर कळलं असावं. त्यांचा चेहरा मी पाहिला. असा घाबरलेला चेहरा मी पुन्हा कोणाचा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

काका वाचले. पाय आखडला तो आखडलाच. त्यांना स्टोअर्सला बसवलं. बाबांनी दुसऱ्या कोणाबरोबर जोडी लावायला नकार दिला आणि फोरमनच्या हातापाया पडून इन्स्पेक्शनला बदली करून घेतली. दोघं रविवारी आमच्या ओट्यावर बसायचे, करोंदच्या बाजारातून गव्हाची पोती कोणी आणायची त्यावर वाद घालायचे. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. काकूंनी आईशी एक दिवसही अबोला धरला नाही. मला कधीकधी वाटायचं, धरला असता तर बरं झालं असतं.

सर काही दिवस शाळेत आले नाहीत. आले तेव्हा फळ्यावर ती वाकडी ओळ तशीच होती, तोवर कोणी पुसली नव्हती. सरांनी फडकं ओलं केलं आणि ती आधी पुसली, मग रेघा. मग दाराकडे पाठ करून खुर्चीवर बसले. तसे ते कधी बसले नव्हते. त्यांनी खिशातून गाइड काढलं.

"लिहा," ते म्हणाले. "प्रस्तुत कवितेत कवीने श्रमाची प्रतिष्ठा सांगितली आहे. शेवटची ओळ अपूर्ण ठेवून श्रमाची अखंडता सुचवली आहे."

ते शब्दन् शब्द सांगत होते, स्वल्पविरामासकट. कोणाच्या बाकाशी येऊन उभे राहिले नाहीत. वर्गात कोणाला हसू आलं नाही. माझ्या शेजारी वंदना होती. आम्ही दोघींनी ते सगळं उतरवून घेतलं, आणि तास संपेपर्यंत दोघींपैकी एकीनंही मान वर केली नाही.